तलावात पाणी आहे, मग पक्षी का नाहीत? धारण तलाव, भरती-ओहोटी आणि त्यावर जगणारे जीव

प्रश्न असा आला आहे: नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला आमच्या सोसायटीमागे धारण तलाव आहे, म्हणजे पावसाचं जादा पाणी साठवणारा तलाव. कधी तिथे फ्लेमिंगोंची गर्दी असते, कधी तलाव भरलेला असूनही एक पक्षी दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात पाणी आटलं, हिरवा तवंग आला, वास सुटला. काही सदस्य म्हणतात तलाव कायम भरलेला ठेवा, काही म्हणतात पुराच्या भीतीने रिकामाच ठेवा. पाण्याची योग्य पातळी नेमकी किती?

एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. ठाणे खाडीच्या काठचे जवळजवळ सगळे जीव पाण्याच्या चढउतारावर बेतलेले आहेत. तलाव वर्षभर काठोकाठ भरून ठेवला तरी ते उपाशी राहतात आणि कोरडा ठेवला तरी. म्हणून तुमच्या समितीने तीन गोष्टी पाहायला हव्यात. पाणी दिवसात किती सेंटिमीटर वर-खाली होतं, किती वेगाने होतं आणि चिखल किती तास उघडा राहतो.

‘कधी असतात, कधी नसतात’ याचा निम्मा उलगडा पंचांगातच होतो. कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो आणि खाडीत ठाण्याच्या दिशेने वर जावं तशी भरती आणखी उशिरा पोचते, पण अंदाजाला ही रीत पक्की आहे.

आता याला उंचीची जोड द्या. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्यात चार मीटरच्याही वर फरक पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो दोन मीटरच्या आसपास उरतो. उधाणाच्या भर दुपारी खाडीतला सगळा चिखल पाण्याखाली जातो. फ्लेमिंगो, मालगुजे, तुतवार, चिखल्ये या सगळ्यांना चार-पाच तास उभं राहायला दुसरी जागा लागते आणि ती जागा म्हणजे नवी मुंबईतला डीपीएस तलाव, एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य संस्थेलगतच्या पाणथळी, तुमच्यासारखे धारण तलाव. अष्टमीच्या दुपारी खाडीत ओहोटी असते, चिखल उघडा असतो, पक्षी तिकडे चरत असतात. तेव्हा तुमचा तलाव रिकामा दिसला तर काळजीचं कारण नाही. मात्र पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या सुमारास, डिसेंबर ते मे या काळात तलाव रिकामा दिसला तर काहीतरी बिघडलं आहे असं समजा. निरीक्षणाला हीच वेळ निवडा. सकाळी फिरायला गेल्यावर जे दिसतं त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पक्षी हा शेवटचा दुवा आहे. पातळी बदलली की आधी चिखलात काय होतं ते पाहिलं पाहिजे.

ओहोटीला, उन्हाच्या वेळी, नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलाकडे खाली वाकून बघा. पंधरा-वीस मिनिटांत करड्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक चढते. ते डायाटम असतात, एकपेशीय शैवाल. पाणी हटलं की ते चिखलाच्या कणांमधून सरकत पृष्ठभागावर येतात आणि पाणी परतायच्या आधी पुन्हा खाली जातात. निवट्या, म्हणजे चिखलावर सरकणारे मासे, हेच खातात: तोंड डावी-उजवीकडे हलवत चिखलाचा वरचा थर खरवडत पुढे जातात. सारंगी खेकडेही ओहोटीलाच बिळाबाहेर येतात, चिखलाची गोळी तोंडात घालून त्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेली गोळी बिळाशेजारी टाकतात. भरती यायच्या थोडं आधी बिळाचं तोंड चिखलाच्या बुचाने बंद करतात. या जिवांच्या अंगात भरतीचं घड्याळ असतं. खेकडा उचलून भरती-ओहोटी नसलेल्या टाकीत ठेवला तरी काही दिवस तो खाडीच्याच वेळेला हालचाल करतो. निवटीचं बीळ तर पाण्याखाली असतानाही आत हवेचा कप्पा राखून असतं, अंडी त्या कप्प्यात असतात.

आता तलावाचं पाणी अडवून पातळी एकाच जागी धरली, तर काय होतं? चिखल उघडा पडत नाही, डायाटमना ऊन मिळत नाही, निवट्यांना खरवडायला जागा नाही, खेकड्यांना बाहेर यायला वेळ नाही. तळाशी प्राणवायू संपतो, चिखल काळा होतो, कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. चिखलातले पॉलिकीट किडे आणि खुबे आधी पृष्ठभागाकडे सरकतात, मग मरतात. वरून तलाव भरलेला, शांत, छान दिसतो. पक्ष्यांच्या दृष्टीने तिथे खायला काही नाही आणि पाय टेकायलाही जागा नाही.

उलट पाणी आटून चिखल कोरडा पडला, तर पहिले तीन-चार दिवस पक्ष्यांची चंगळ होते. उथळ झालेल्या पाण्यात मासे-कोळंबी अडकतात, बगळे आणि चित्रबलाक जमतात. हे बघून ‘पाणी कमी केल्यावर पक्षी वाढले’ असा समज होतो आणि पाणी आणखी उतरवलं जातं. पुढच्या आठवड्यात सगळं संपलेलं असतं. किडे आणि शिंपले ओलावा शोधत खाली जातात आणि लहान चोचींच्या आवाक्याबाहेर जातात. बारक्या तुतवाराची चोच दोन सेंटिमीटरच्या आत असते, टिलव्याची चार, मालगुज्याची आठ ते बारा, मोठ्या कोरलची त्याहूनही लांब. म्हणजे चिखल वाळत गेला की आधी बारके पक्षी हटतात, शेवटी कोरल. कोण गेलं आणि कोण उरलं यावरून चिखल किती खोलवर वाळला आहे हे ओळखता येतं. महिनोन्‌महिने कोरड पडली तर आणखी एक प्रकार होतो. खाजणातल्या, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खारट जमिनीतल्या, चिखलात गंधकाची संयुगं साठलेली असतात, हवा लागली की त्यांचं आम्ल होतं, आणि पुढच्या भरतीला ते पाण्यात उतरतं.

पाण्याच्या खोलीचंही असंच आहे, प्रत्येकाच्या पायाचं माप ठरलेलं आहे. चिखल्ये आणि बारके तुतवार ओल्या चिखलापासून तीन-चार सेंटिमीटर पाण्यापर्यंत चरतात. टिलवा पाच-सहापर्यंत, मालगुजा दहा-बारापर्यंत, शेकाट्या पंधराच्या आसपास. थापट्यासारखी बदकं दहा ते तीस सेंटिमीटरमध्ये खूश असतात. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी धरून पाण्याच्या वरच्या काही सेंटिमीटरमधलं किंवा ओल्या चिखलावरचं सूक्ष्म शैवाल गाळतो. मोठा फ्लेमिंगो पोटापर्यंतच्या पाण्यात शिरून तळ ढवळतो आणि बारके प्राणी खातो. विश्रांतीसाठी मात्र बहुतेकांना पाच ते पंधरा सेंटिमीटर पाणी, आजूबाजूला मोकळं आणि कुत्र्यांना सहज येता येणार नाही अशी जागा हवी. म्हणून माझं मत असं, की तलाव एका खोलीचा नसावा. साधारण तिसरा हिस्सा उघडा ओला चिखल, तिसरा हिस्सा पंधरा सेंटिमीटरच्या आत, उरलेला तीस-चाळीस, आणि तोंडाजवळ एखादी खोल नाळ, जिथे ओहोटीला बोईट आणि कोळंबी आसरा घेतील.

इथे उताराचा हिशोब महत्त्वाचा आहे. काठाचा उतार शंभरास एक असेल तर पाणी दहा सेंटिमीटर उतरल्यावर दहा मीटर रुंदीचा नवा चिखल उघडा पडतो. वीसास एक असेल तर दोन मीटर. उभी दगडी किंवा काँक्रीटची भिंत असेल तर शून्य. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठ उभे केले की पातळी कितीही हलवली तरी पक्ष्यांना काही मिळत नाही. ठाण्यातल्या मासुंदा आणि इतर बांधीव तलावांत बदक-पाणकावळे दिसतात पण चिखल्ये दिसत नाहीत, याचं हे एक मोठं कारण.

कांदळवनाकडे वळतो, कारण तुमचा प्रश्न पुढच्या दोन वर्षांत तिथेच येऊन थांबणार आहे. आपल्याकडे मुख्यतः तिवर. त्याची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं ओहोटीला हवा घेतात. ती सलग आठवडेन्‌आठवडे बुडालेली राहिली तर झाड गुदमरतं. आधी पानं पिवळी, मग शेंडे वाळतात आणि काही महिन्यांत अख्खा पट्टा उभा वाळतो. उलट पाण्याची ये-जा मंदावून गाळ साचत गेला की मोकळ्या चिखलावर तिवराची रोपं रुजतात आणि चार-पाच वर्षांत उघडी जागा भरून जाते. कांदळवनासाठी ते चांगलं, कोल्ह्यांना आणि वटवाघळांना आसरा मिळतो, पण मोकळ्या जागेत बसणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा जाते आणि तलावाची पाणी साठवण्याची क्षमताही घटते. एकदा वाढलेलं तिवर काढता येत नाही: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवनाला आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. त्यामुळे गाळ वेळेवर रोखणं हाच मार्ग, आणि गाळ रोखायचा तर ओहोटीचा प्रवाह जोरात बाहेर पडला पाहिजे.

आता पुराची भीती. ती खरी आहे, तिला कमी लेखू नका. नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून, डच धर्तीवर बसवलेला आहे. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की तलावाच्या तोंडाचं झुलतं दार, म्हणजे फ्लॅप गेट, बंद होतं, शहराचं पाणी धारण तलावात साठतं आणि ओहोटी लागली की बाहेर जातं. त्यासाठी तलाव आधी रिकामा हवा. पण ही गरज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची आहे. फ्लेमिंगो नोव्हेंबर-डिसेंबरला येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. तेव्हा ऑक्टोबर ते मे भरती आत येऊ द्यायची आणि पावसाळ्यात तलाव उतरवून ठेवायचा, यात कुणाचंच नुकसान नाही. ओढाताण फक्त मे अखेरचा पंधरवडा आणि पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्टपासून परतू लागलेले चिखल्ये-तुतवार एवढ्यापुरती उरते. मे महिन्यात तलाव उतरवायचा तर दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरच्या वर उतरवू नका. तीस सेंटिमीटर उतरवायला दोन आठवडे धरा. एका दिवसात गेट उघडून पाणी सोडलं की मासे गाळात अडकून मरतात, कुजतात आणि तो वास सोसायटीतच येतो.

फ्लॅप गेटची एक गोष्ट लक्षात घ्या: ते एकाच दिशेला उघडतं. आतलं पाणी बाहेर सोडतं, भरती अडवतं. म्हणजे सगळी गेटं नियमाप्रमाणे काम करू लागली तर तलावात खाडीचं पाणी येणारच नाही. बऱ्याच ठिकाणी गेट झिजलेलं किंवा प्लास्टिक अडकून अर्धवट उघडं असतं, म्हणून आजवर पक्ष्यांना पाणी मिळत आलं. गेट दुरुस्त करण्याची मागणी करताना कोरड्या हंगामासाठी भरती आत घेणारी वेगळी, हाताने उघड-बंद करता येणारी झडपही मागा. खाजणशेतीत उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, हे काम वर्षानुवर्षं होत आलं आहे, नवीन काही शोधायचं नाही.

पाइप किती मोठा हवा याचा ढोबळ हिशोब करून दाखवतो, कारण बैठकीत हाच मुद्दा अडतो. समजा तलाव ३० एकरांचा, म्हणजे साधारण १२ हेक्टर. तो १५ सेंटिमीटरने भरायचा तर १८,००० घनमीटर पाणी लागतं. एक मीटर व्यासाचा पाइप पूर्ण भरून सेकंदाला एक मीटर वेगाने वाहिला तर सेकंदाला सुमारे पाऊण घनमीटर पाणी येतं. १८,००० घनमीटरला सव्वासहा तासांच्या वर लागतील. पण बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर असते ती एका भरतीत तीन-साडेतीन तासच. म्हणजे एका भरतीत जेमतेम आठ सेंटिमीटर. पाइप गाळाने अर्धा भरलेला असेल तर चारही नाही, कारण वाट अरुंद होते आणि वेगही घटतो. एका पाइपवर भागवायचा आग्रह झाला तर हा हिशोब समोर ठेवा.

पाइपचा उंबरठा किती उंचीवर आहे, हे त्याच्या व्यासापेक्षाही निर्णायक ठरतं. समजा तिथली भांगाची भरती ३.३ मीटरपर्यंत आणि उधाणाची ४.६ मीटरपर्यंत चढते. उंबरठा ३.५ वर असेल तर भांगाचे चार-सहा दिवस सोडून रोज पाणी आत येईल. तोंडाशी राडारोडा पडून तो ४.२ झाला, तर पंधरवड्यात मोजकेच दिवस पाणी येतं. मे महिन्यात उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला पाच-सात मिलिमीटर धरलं, तरी दहा सेंटिमीटर पाणी दोन ते तीन आठवड्यांत उडून जातं. उरलेलं पाणी खारट होत जातं, त्यात सांडपाणी मिसळत असेल तर तंतूंसारखं हिरवं शेवाळ माजतं. छोट्या फ्लेमिंगोच्या चोचीतली गाळणी सूक्ष्म शैवालासाठी आहे, हे तंतू तिला उपयोगाचे नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं तेव्हा कोरड आणि शेवाळ हे दोन्ही लोकांनी पाहिलं.

हे सगळं तुमच्या तलावात नेमकं कसं आहे ते मोजायला फार खर्च नाही. दोन मीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, त्यावर दर दोन सेंटिमीटरला रेघ आणि दर दहाला आकडा पक्क्या रंगाने लिहा. तिवराच्या आत खड्डा करू नका. मोरीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याच्या वाटेच्या, भिंतीला किंवा असलेल्या खांबाला क्लॅम्पने बसवा, तेही संबंधित कार्यालयाची परवानगी घेऊनच. शून्य रेघ मोरीच्या माथ्यापासून किती खाली आहे ते लिहून ठेवा, नाहीतर पाइप हलल्यावर सगळ्या नोंदी वाया जातात. वाचन दिवसातून दोनदा: पूर्ण भरतीनंतर तासाभराने आणि पुढची भरती लागायच्या थोडं आधी. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत खंड न पाडता घेतलं तर उधाण, भांग, पुन्हा उधाण असं सगळं येतं. भरतीची वेळ आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यातून घ्या. तक्त्यातली उंची वेगळ्या आधारपातळीवरून मोजलेली असते, तिची थेट तुमच्या पट्टीशी बरोबरी करू नका. दोन्हींतला चढउतार तेवढा ताडून बघा. उधाणाला खाडी चार मीटर हलते आणि तलाव दोन सेंटिमीटरही हलत नाही, तर वाट बंद आहे. तलाव हलतो पण तीन तास उशिरा, तर वाट अरुंद झाली आहे. भरतीला चढतो आणि ओहोटीला उतरत नाही, तर गेट बाहेरच्या बाजूने गाळाने दबलं आहे.

जमलं तर विरघळलेला प्राणवायूही मोजा, आणि तो पहाटे मोजा. दुपारी शेवाळामुळे आकडा फसवा चांगला येतो. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे तोंड वर काढून श्वास घेऊ लागतात, दोनच्या खाली मरायला लागतात.

गोड्या पाण्याच्या डबक्यांबद्दल थोडक्यात. बेलापूर-खारघरच्या डोंगरपायथ्याशी पावसात साठणाऱ्या पाण्यात डराव बेडूक अंडी घालतात. बेडूकमाशांचे बेडूक व्हायला महिना-दीड महिना लागतो, त्याआधी पंप लावून पाणी उपसलं तर अख्खी पिढी जाते. टिबुकलीचं घरटं तरंगतं, पाण्याबरोबर वर-खाली होतं. शेकाट्या आणि टिटवी काठावर जमिनीवर अंडी घालतात. शेकाट्या पाणी चढू लागलं तर घरट्यात काड्या-चिखल घालून ते उंच करतो, पण पाणी दिवसात दहा सेंटिमीटर चढलं तर त्याचा इलाज चालत नाही. एप्रिल ते ऑगस्टमध्ये काठावर घरटी दिसली तर गेट चालवणाऱ्यांना जागा दाखवून ठेवा.

पत्र लिहिताना ‘पाणी सोडा’ एवढंच लिहू नका. पंधरा दिवसांच्या नोंदी, भरती-ओहोटीला एकाच जागेवरून काढलेले वेळेसह फोटो, मोरीच्या तोंडाचा फोटो जोडा आणि ‘ऑक्टोबर ते मे अमुक मोरीतून भरती आत यावी, उंबरठ्यावरचा राडारोडा काढावा’ इतकं नेमकं मागा. पत्र महापालिका, सिडको आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष या तिघांना एकदमच द्या, कारण तलाव, जमीन आणि तिवर यांची जबाबदारी बहुतेक ठिकाणी विभागलेली असते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. उधाणाच्या भरतीला त्याच खाडीतले पक्षी तुमच्या तलावात येतात, हे पत्रात लिहाच.

आणि एक तातडीचं. उन्हाळ्यात पाणी साचून गरम झालेलं असताना मान टाकलेले, पंख न उचलता येणारे पक्षी दिसले तर बोटुलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या लकव्याची, शंका घ्या. राजस्थानातल्या सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी याच विषाने मेले. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, त्या खाऊन पुढचे पक्षी मरतात. मेलेले पक्षी स्वतः उचलू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, त्याच दिवशी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि मृत पक्षी लवकरात लवकर उचलून न्यायला सांगा. त्या काळात पातळी अचानक वर-खाली करायची नाही. एकदम पाणी उतरवलं तर मासे मरून अळ्यांना आणखी खाद्य मिळतं, म्हणून भरतीचं ताजं पाणी हळूहळू आत येऊ द्यायचं.